जोडीचे माप

मराठवाड्यातल्या ऊसतोडीच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि जो एकटाच तोडीला येतो तो अर्धा कोयता ठरतो. मुकादमाच्या वहीत उचल लिहिली जाते तीही या कोयत्याच्या नावावर. उचल म्हणजे हंगाम सुरू होण्याआधी घेतलेली आगाऊ रक्कम, जी पुढे चार-सहा महिने ऊस तोडून फेडायची असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास हे कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात, तेव्हा बैलगाडीवर किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, धान्याची पोती, तवा-परात, गोधड्या, एखादी शेळी आणि चालायला न शिकलेले लेकरू असा सगळा संसार रचलेला असतो, आणि फडाजवळच्या मोकळ्या रानात पाचटाची कोपी उभी राहिली की तेच त्या जोडीचे घर होते. संसार चाकांवर घालून दोघांनी दूरचा रस्ता धरणे ही या प्रदेशाला नवलाई वाटावी अशी गोष्ट त्यामुळेच नाही.

ज्याला आता कॅम्परव्हॅन म्हणतात, म्हणजे जिच्या पोटात झोपायला गादी, ओट्याएवढी शेगडी, पाण्याची टाकी आणि छपरावर सौरऊर्जेचे पॅनेल बसवलेले असते अशी मोटार, ती याच जुन्या गोष्टीचे निवांत रूप आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, त्याच्या कितीतरी आधी छप्पर घातलेल्या बैलगाड्यांतून माणसे लोह्याजवळच्या माळेगावी खंडोबाच्या यात्रेला जात होती, मार्गशीर्षातल्या थंडीत गाडीखालीच पथारी पसरत होती आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापत होती. फरक आहे तो निघण्याच्या कारणात. कोयता पोटासाठी निघतो आणि यात्रेकरू नवसासाठी; हौसेखातर, केवळ पाहण्यासाठी आणि एकमेकांच्या सोबतीसाठी दोघांनी घर घेऊन निघावे, ही मुभा या भागातल्या फार थोड्या जोड्यांना आणि तीही अलीकडेच मिळू लागली आहे. ती मिळाली म्हणून जुन्या वाटसरूंचा विसर पडावा, असे मात्र नव्हे, कारण चाकांवरच्या घरात राहण्याचे जवळजवळ सगळे शहाणपण त्यांच्याकडे आधीपासून होते.

हिमायतनगरसारख्या गावाहून समुद्राकडे निघणे म्हणजे तर पाण्याच्या उलट दिशेने निघणे. जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही वाढोणा असणारे आणि श्री परमेश्वराच्या मंदिरामुळे पंचक्रोशीला ठाऊक असलेले हे गाव नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला, पैनगंगेच्या खोऱ्यात वसलेले आहे. पैनगंगा सहस्रकुंडाच्या खडकांवरून कोसळून पुढे वर्धा नदीला मिळते, वर्धेचे पाणी प्राणहितेत जाते, प्राणहिता गोदावरीत, आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे वाढोण्याच्या शिवारात पडलेला पाऊस जाईल तर पूर्वेच्या समुद्रात जाईल. पश्चिमेच्या समुद्राकडे इथल्या नद्यांची पाठ आहे. नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर असा सुमारे ७०० किलोमीटरचा रस्ता कापून मालवणला पोहोचणारी जोडी दख्खनच्या पठाराचा सगळा उतार उलटा चढते आणि मग सह्याद्रीच्या कड्यावरून एकदम खाली उतरते.

या वाटेवर एक आठवण उभी आहे आणि ती ओलांडल्याशिवाय मराठवाड्याच्या माणसाला समुद्रापर्यंत जाता येत नाही. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून १० टाक्यांची एक रेल्वेगाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन निघाली आणि १२ एप्रिलच्या पहाटे लातुरात पोहोचली. पुढे तिचे नाव जलदूत पडले. नळ कोरडे पडलेल्या शहराला आगगाडीने पाणी प्यावे लागले ते याच मिरज-लातूर दिशेने, आणि हौसेने समुद्र पाहायला निघालेली गाडी लातूर-मिरज अशी त्याच्या उलट धावते. त्या उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगेत उभी राहिलेली बाई आज कॅम्परव्हॅनच्या खिडकीशी बसून मिरजेचे स्टेशन मागे जाताना पाहत असेल, तर तिच्या मनात काय येत असेल याचा अंदाज बाहेरच्या माणसाने न बांधलेलाच बरा.

कॅम्परव्हॅनमधला संसार पाण्यावरून ओळखावा. टाकी असते साधारण १०० लिटरची आणि ती पुन्हा कुठे भरता येईल हे ठरलेले नसते. शहरातल्या सवयीने वापरले तर एवढे पाणी एका दिवसालाही पुरत नाही, पण ज्या घरात नळ आठवड्यातून एकदा येतो त्या घरातल्या बाईला ते चार दिवस पुरवता येते, आणि त्यासाठी तिला कोणी काही शिकवावे लागत नाही. तांदूळ धुतलेले पाणी ती भाजी विसळायला घेते, भाजीचे पाणी पातेले खरकटे असतानाच त्यात ओतून ठेवते, आणि तोंड धुताना तांब्या असा कलता धरते की धार करंगळीएवढीच राहते. नळाखाली स्टीलचा तांब्या ठेवायचा आणि वापरायचे ते तांब्यातले पाणी, हा तिचा नियम. कारण उघड्या नळाचा हिशेब राहत नाही आणि तांब्याचा राहतो. दिवसाअखेर टाकीच्या काचेवरची रेघ किती उतरली हे नवरा पाहतो आणि आकडा वहीत लिहितो. डिझेलचा खर्चही त्याच वहीत असतो, पण आधी पाणी आणि मग डिझेल असा क्रम ठरून गेलेला असतो.

घाट उतरला की मातीचा रंग बदलतो. पठारावरच्या काळ्या बसाल्टच्या जागी तांबडा, छिद्राछिद्रांचा जांभा दगड येतो, जो खाणीतून ताजा असताना पातीने कापता येतो आणि हवा लागली की घट्ट होत जातो. त्याचेच चिरे घराला, विहिरीला आणि कुंपणाच्या गडग्याला. मालवणच्या आसपास माडांच्या सावलीत कोणाच्या तरी परवानगीने गाडी उभी राहते, दार उघडले की खारा, ओला वारा आत येतो, आणि पठारावर वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या मिठाच्या बरणीला दुसऱ्या दिवशी पाणी सुटते. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढली जात असते. रापण म्हणजे होडीने अर्धवर्तुळात टाकलेले आणि दोन्ही टोकांनी माणसांच्या रांगांनी किनाऱ्याकडे खेचायचे लांबलचक जाळे. त्याचा दोर धरणाऱ्या रांगेत पाहुण्यालाही जागा असते. समुद्राकडे नुसते पाहत राहण्यापेक्षा तो दोर एकदा हाताने ओढावा, म्हणजे पाण्याला वजन असते हे कळते.

पाण्याखाली उतरण्याची विद्या मालवण आणि तारकर्लीच्या किनाऱ्यावर आता रुजली आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगची संस्था उभी केली आणि दांडीच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात रोज होड्या जाऊ लागल्या. ज्या घरांतले पुरुष पूर्वी फक्त मासेमारी करत, त्यांतले कितीतरी तरुण आज पर्यटकांना पाण्याखाली नेतात. पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिना सरता सरता, हा सगळा व्यवहार बंद होतो आणि समुद्र शांत झाल्यावरच पुन्हा सुरू होतो. हंगामातही सगळे दिवस सारखे नसतात. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटी मोठी असते, तिला उधाण म्हणतात, आणि त्या दिवसांत पाण्याला ओढ असते व तळ ढवळलेला राहतो. अष्टमीच्या आसपास भरती लहान असते, तो भांग, आणि पाण्याखाली उतरणाऱ्याला भांगाचेच दिवस बरे. ज्या तिथ्या वाढोण्याच्या घरात उपवासासाठी पाहिल्या जातात त्याच इथे समुद्रात उतरण्यासाठी पाहाव्या लागतात, एवढे एक नाते दोन्हीकडच्या भिंतीवरच्या कॅलेंडरांत आहे.

स्कूबा हा शब्द इंग्रजी आद्याक्षरांचा बनलेला असून त्याचा अर्थ पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन असा होतो. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी अशी झडप तयार केली, की माणसाने श्वास ओढला तरच नळकांड्यातली हवा सुटावी आणि ती भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने सुटावी. आजची सगळी साधने त्याच कल्पनेवर चालतात. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये निव्वळ ऑक्सिजन असतो हा समज सर्वत्र आहे, पण त्यात असते ती आपली नेहमीची हवा, फक्त दाबून भरलेली. ११ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने भरलेली हवा मोकळी केली तर २,२०० लिटरच्या आसपास होईल. मात्र पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढत जातो, म्हणून १० मीटर खोलीवर घेतलेला एक श्वास पृष्ठभागावरच्या दोन श्वासांइतकी हवा घेतो आणि २० मीटरवर तिनांइतकी. जितके खोल जावे तितका साठा लवकर सरतो, आणि जो घाबरतो त्याचा त्याहूनही लवकर सरतो. छातीशी लोंबणाऱ्या घड्याळावर काटा उतरत असतो. ५० बार उरण्याच्या आधी माणसाने वरच्या वाटेला लागलेले असावे, असा दंडक आहे. दिवसाअखेर टाकीची रेघ पाहणाऱ्या माणसाला हे घड्याळ वाचायला वेळ लागत नाही, आणि मराठवाड्याच्या जोडीला या विद्येत जर काही उपजत येत असेल तर ते हेच, उरलेल्या साठ्याकडे डोळा ठेवून वागणे.

बाकी सगळे नव्याने शिकावे लागते. मराठवाड्यात पोहणे शिकतात ते विहिरीत, कमरेला वाळलेला भोपळा नाहीतर पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून, आणि तेही बहुतेक मुलगेच. मुलींच्या वाट्याला विहीर आली ती पाणी शेंदण्यापुरती. त्यामुळे चाळिशीतल्या एखाद्या बाईने मालवणच्या पाण्यात पाऊल टाकणे, म्हणजे तिच्या आईने आणि आजीने काठावरूनच पाहिलेल्या खोलीत उतरणे असते. पहिल्या अनुभवापुरते पोहता न येणाऱ्यालाही प्रशिक्षक धरून नेतो, परंतु स्वतंत्रपणे उतरण्याचा परवाना हवा असेल तर न थांबता २०० मीटर पोहून दाखवावे लागते आणि १० मिनिटे तरंगत राहावे लागते. अशा वेळी बायकोआधी नवरा शिकलेला असतो असे गृहीत धरण्याचे कारण नाही. पाण्याखाली शांत राहणे हा बळाचा भाग नाही, आणि ज्यांनी आयुष्यभर कमी जागेत, कमी आवाजात, कमी साठ्यात काम भागवले आहे अशा बायका सावकाश श्वास घेतात.

या विद्येचा पहिला नियम असा, की एकट्याने उतरू नये. प्रत्येकाला एक जोडीदार असतो; उतरण्याआधी दोघे एकमेकांचे पट्टे, वजने आणि हवेची झडप तपासतात, आणि प्रत्येकाजवळ स्वतःच्या मुखपत्राशिवाय पिवळ्या नळीचे आणखी एक मुखपत्र असते, ज्याचा स्वतःला सहसा उपयोग नसतो. ते असते जोडीदारासाठी, त्याची हवा संपली तर आपल्या सिलिंडरमधून त्याला श्वास देता यावा म्हणून. कोयत्याच्या हिशेबात एक आजारी पडला की दुसऱ्याचेही माप अर्धे होते. पाण्याखालच्या हिशेबातही जोडीतला एक वर निघाला की दुसऱ्याने वर निघायचे असते, त्याची हवा कितीही शिल्लक असली तरी. ऊसतोडीच्या वहीतल्या त्या मापाने अनेक संसारांची पिळवणूक केली आहे आणि त्याचे कौतुक करणे अन्यायाचे ठरेल. परंतु दोन माणसांचा साठा एकच धरावा ही गोष्ट पाण्याखाली जिवाच्या राखणीसाठी येते, तेव्हा त्याच मापाचा एक वेगळा चेहरा दिसतो.

आणि खाली बोलता येत नाही. तोंडात मुखपत्र असते, कानात फक्त स्वतःच्या श्वासाचा आणि बुडबुड्यांचा आवाज, म्हणून सगळा संवाद हाताने. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे ठीक आहे. पंजा आडवा धरून हलवला तर काहीतरी बिघडले आहे. वळलेली मूठ म्हणजे हवा थोडी उरली. गळ्यावरून आडवा हात फिरवला तर हवा संपली. सर्वांत जास्त गोंधळ करते ती अंगठ्याची खूण, कारण जमिनीवर ती छान चालले आहे असे सांगते आणि पाण्याखाली तिचा अर्थ असतो, आता वर चला. वाढोण्यासारख्या गावांतल्या वाड्यांमध्ये एक पिढी अशी होऊन गेली की वडीलधाऱ्यांसमोर सून नवऱ्याशी थेट बोलत नसे आणि त्याचे नाव तर उखाण्याशिवाय घेत नसे. बांगड्यांचा आवाज, दाराच्या कडीचा हलका खडखडाट, ताटाजवळ मुद्दाम ठेवलेला रिकामा तांब्या यांतून ती हवे ते सांगे आणि त्यालाही ते बरोबर कळे. तो धाक गेला हे उत्तमच झाले, आणि तो परत यावा असे कोणाही सुजाणाला वाटणार नाही. तरी पण न बोलता कळवण्याची जी बारीक नजर त्या धाकातून घडली होती, ती मालवणच्या सहा-सात मीटर पाण्यात दोघांच्या उपयोगी पडते, आणि या वेळी तिथे पाहणारे वडीलधारे नसतात.

तळाशी जे दिसते ते चित्रातल्या समुद्रासारखे नसते. मालवणचे पाणी हिरवट असते, दहा हातांपलीकडचे धूसर होत जाते, आणि त्या धुसरतेतून प्रवाळाचा एखादा गोल दगड हळूहळू आकार घेतो. प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडही नव्हे. ते मोहरीपासून बोरापर्यंतच्या आकाराच्या मऊ जिवांचे मोहोळ असते, ज्यातला प्रत्येक जीव पाण्यातला चुना वेचून आपल्याभोवती घर बांधतो आणि मेल्यावर ते घर पुढच्यासाठी ठेवतो. काळे-पिवळे पट्टे असलेले मासे त्याच्याभोवती फिरतात, पोपटाच्या चोचीसारखे तोंड असलेले त्याला कुरतडतात, आणि खडकाच्या भेगेतले समुद्रफूल हात जवळ गेल्याबरोबर मिटते. १९८७ साली या भागातला सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, तरीही पर्यटकाची एक टाच शंभर जिवांचे घर मोडू शकते, आणि माशांचा थवा जमावा म्हणून पाण्यात टाकलेला पावाचा तुकडा माशांच्या सवयी बिघडवतो, ही गोष्ट अजून पुरेशी बोलली जात नाही.

चुन्याचे हे घर पाहताना पैनगंगेकडे परत जावेसे वाटते. आदिलाबाद आणि यवतमाळ भागात चुनखडीचे जे जाड थर आहेत त्यांना भूशास्त्रज्ञ पैनगंगा गट म्हणतात. ते सुमारे १०० कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचले. तेव्हा प्रवाळ नव्हते, मासे नव्हते, सूक्ष्मजीवांपलीकडे फारसे काहीच नव्हते. पण समुद्र होता, आणि तो या नदीच्या खोऱ्यात होता. पुढे लाव्ह्याच्या थरांनी दख्खन झाकले गेले, सह्याद्री उभा राहिला आणि नद्यांनी पूर्वेची वाट धरली. वाढोण्याहून मालवणला समुद्र पाहायला आलेली जोडी ज्या नदीच्या काठाहून येते, तिच्या नावाचा दगडच मुळी समुद्राचा आहे.

सिंधुदुर्ग किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतला. त्याच्या तटाबुरुजांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु दुष्काळी भागातून येणाऱ्याचे पाय थांबतात ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींजवळ. चहूकडे खारा समुद्र असताना या विहिरींचे पाणी गोडे आहे. बेटाच्या खडकात मुरलेला पाऊस खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे त्याच्यावर तरंगून राहतो, हे त्याचे कारण. पण ते ठाऊक झाल्यावरही बाव या साध्या शब्दाआधी दूध, दही आणि साखर लावणाऱ्यांनी त्या पाण्याची किंमत किती जाणली होती, याचा विस्मय कमी होत नाही.

संध्याकाळी गाडीशी परतल्यावर गोड्या पाण्याचे पुन्हा काम पडते. मीठ राहिले तर रबर तडकते आणि झडप अडकते, म्हणून सगळी साधने धुवावी लागतात, आणि हे धुणे एका घमेल्यात भागवले जाते. आधी चष्मा, कारण त्याला वाळू कमी. मग रेग्युलेटर, म्हणजे श्वास देणारे यंत्र, त्याचे धुळीचे टोपण घट्ट बसवून, नाहीतर पाणी आतच शिरते. मग अंगातला रबरी पोशाख, आणि सर्वांत शेवटी बूट. उरलेले पाणी पायांवर घेतले जाते. तेवढे खारे पाणी माडाला चालते, म्हणून मालकाला विचारून ते माडाच्या बुंध्याशी ओतले जाते. या सगळ्यात दोघांपैकी कोणीही बोललेले नसते.

परतीच्या वाटेवर मात्र घाई करता येत नाही, आणि या प्रवासातली ही सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट आहे. पाण्याखालच्या दाबाने हवेतला नायट्रोजन वायू रक्तात आणि मांसात विरघळतो. माणूस वर आला तरी तो हळूहळूच बाहेर पडतो. तेवढ्यात एकदम कमी दाबाच्या जागी, म्हणजे विमानात किंवा उंच डोंगरावर गेले, तर त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे दुखण्यापासून अंग लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकते. परतीच्या घाटातली आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे, आणि पठारावरचे लातूरही ६०० मीटरच्या वर आहे. पठारावर राहणाऱ्याचे घरच उंचावर असते, ही गोष्ट किनाऱ्यावर असताना ध्यानात येत नाही. म्हणून सागराच्या तळाशी फिरून आलेली जोडी सकाळी होडीतून उतरून दुपारी घाट चढत नाही. ती सावंतवाडीच्या बाजूला कुठेतरी गाडी उभी करते, टाकी भरून घेते, एक पूर्ण रात्र खाली काढते आणि दुसऱ्या दिवशी निघते. एकदाच पाण्यात उतरले असल्यास निदान १२ तास आणि एकाच दिवशी अनेकदा किंवा लागोपाठच्या दिवसांत उतरले असल्यास निदान १८ तास थांबून मगच घाटाला लागावे, एवढे मालवणहून मराठवाड्याकडे परतणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.